जंत ताट बघून येत नाही

दर काही महिन्यांनी तो व्हिडिओ मोबाइलवर फिरत येतो. कुणीतरी बकऱ्याचं काळीज सुरीनं चिरतं, आतून पाण्यानं भरलेला पांढुरका फोड निघतो आणि खाली लाल अक्षरांत सवाल येतो, ‘अजूनही मटण खाणार?’ लगेच दोन तट पडतात. एका बाजूचे जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लावून सात्त्विक आहाराचे गोडवे गातात. दुसऱ्या बाजूचे ‘आमच्याकडे मटण दोन तास रटरटतं, जंताचा बापसुद्धा जगायचा नाही’ म्हणून मिशीला पीळ देतात. भांडण कडाक्याचं होतं. पण नीट ऐकलं तर या दोघांचं आतून पक्कं एकमत आहे. जंताचा प्रश्न ताटात सुरू होतो आणि ताटातच संपतो, असं दोघंही धरून चालतात. एक म्हणतो ताट बदला, दुसरा म्हणतो ताटातलं नीट शिजवा. कत्तल कुठं होते, कापताना निघालेलं नासकं काळीज कुठं जातं, गावचं डुक्कर काय खातं आणि गावचा माणूस शौचाला कुठं बसतो, हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. ज्यांच्यावर या गोष्टींची जबाबदारी आहे, ते मग निवांत झोपतात.

माझा राग आहे तो या एकमतावर.

आधी शाकाहारी पक्षाचं म्हणणं त्यांच्याच थाटात मांडू. जनावराच्या अंगात जंत असतात. मांस खाणारा ते जंत गिळतो, म्हणून त्याला रोग होतो. न खाणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. डुक्कर तर घाणीतच लोळणार, त्याचं मांस खाणाऱ्याच्या मेंदूत किडे झाले तर नवल ते काय? केलेल्या कर्माचं फळ! किती सुटसुटीत! पाप आणि प्रायश्चित्त दोन्ही एकाच जेवणात उरकतात. अडचण एवढीच आहे की हा सिद्धांत जंताला कुणी वाचून दाखवलेला नाही.

डुकराच्या पट्टकृमीचा, म्हणजे टीनिया सोलियमचा, प्रवास कसा होतो? डुकराच्या स्नायूंत पाच ते दहा मिलिमीटरचे पाणीदार फोड असतात. असं मांस अर्धंकच्चं माणसाच्या पोटात गेलं, तर फोडातली अळी आतड्याला चिकटते आणि दोन-तीन मीटर लांबीचा पट्टकृमी होते. हा पाहुणा वर्षानुवर्षं राहतो आणि बहुतेक वेळा इतका गुपचूप राहतो की घरमालकाला पत्ताही लागत नाही. मेंदूचा आजार हा नव्हे. तो होतो या माणसाच्या शौचातून बाहेर पडणाऱ्या अंड्यांनी. पट्टकृमीच्या एकेका सुट्या तुकड्यात पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात. ती दुसऱ्या कुणाच्या, किंवा त्याच माणसाच्या, तोंडात गेली की त्यांतून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदते आणि रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन फोड करून बसते. डुकराच्या अंगात जे व्हायचं, तेच माणसाच्या अंगात होतं. स्पष्टच सांगायचं तर डुकराचं कच्चं मांस खाऊन पोटात पट्टकृमी होतो, आणि मेंदूत फोड होतात ते माणसाची विष्ठा पोटात गेल्यामुळे. ती विष्ठा पाण्यातून, भाजीवरून, न धुतलेल्या हातावरून येते. तिथं तुमच्या ताटात मटण आहे की मेथी, हे कोण बघतं?

हे पटत नसेल, तर न्यूयॉर्कचं प्रकरण आठवा. १९९०च्या सुमारास तिथल्या कर्मठ ज्यू वस्तीतल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या चार जणांना न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत याच जंताचे फोड झाल्याचं निघालं. डुकराचं मांस या समाजात धर्मानं निषिद्ध आहे आणि या चौघांपैकी कुणीही ते कधी खाल्लेलं नव्हतं. मग जंत आला कुठून? तपास झाला, तो १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. या चारही घरांत हा जंत जिथं पसरलेला आहे अशा लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या बायका घरकामाला होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या पोटात पट्टकृमी होता, आणखी एकीच्या रक्तात संसर्गाची खूण होती. धर्माज्ञा काटेकोर पाळून, स्वयंपाकघराचं सोवळं सांभाळूनही जंत आत आला.

आता काही सोवळे लोक टाळी वाजवून म्हणतील, ‘बघा, शेवटी कामवाल्या बायकांनीच आणला ना!’ थांबा. त्या बाईनं कुणाचं काय वाईट केलं? तिच्या पोटात जंत होता, तिला तो माहीत नव्हता, तिच्या गावी त्याची तपासणी झाली नाही आणि मालकाच्या शहरातही झाली नाही. प्राझिक्वांटेलसारख्या औषधाच्या एका मात्रेनं जो जंत पडतो, तो तिच्या पोटात तसाच राहिला, कारण तिची तब्येत बघणं कुणालाच आपलं काम वाटलं नाही. जंत गरिबाच्या पोटात सुखानं राहू दिला की तो श्रीमंताच्या मेंदूपर्यंत पोहोचतो, एवढाच त्या प्रकरणाचा धडा आहे. तो जितका न्यूयॉर्कला लागू, तितकाच पुण्याच्या सोसायट्यांना.

आपल्याकडेही याची साक्ष आहे. सीटी स्कॅनची यंत्रं भारतात आली तेव्हा फिट आलेल्या मुलांच्या, तरुणांच्या मेंदूत कड्यासारखा दिसणारा एक छोटा डाग डॉक्टरांना वारंवार दिसू लागला. बहुतेकांनी तो क्षयाचा मानला आणि रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मेंदूशल्यचिकित्सकांनी असे डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांतले कितीतरी या जंताचे मरू घातलेले फोड निघाले. हे १९८९ साली छापून आलं. आज एखाद्या मुलाच्या स्कॅनमध्ये तो डाग दिसतो, डॉक्टर जंताचं नाव काढतात आणि आईवडील दुखावल्या आवाजात म्हणतात, ‘पण डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही!’ भारतातल्या मेंदूरोगतज्ज्ञाला या वाक्याचं आता नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते आपल्या आत्मविश्वासाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोकाट डुकरं आणि माणसं शेजारी-शेजारी राहतात अशा अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या मुळाशी हा एकच जंत असतो. हे सगळे रुग्ण डुकराचं मांस खात होते, असं म्हणण्याची कुणाची हिंमत आहे काय?

शाकाहारी पक्षाचा पहिला बुरुज ढासळला की दुसरा उभा राहतो. डुक्कर नाही तर नाही, मग कोबी! ‘कोबी खाऊ नका, त्यातला किडा मेंदूत जातो’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. कोबीच्या पानात दिसते ती हिरवी अळी पतंगाची किंवा फुलपाखराची असते. तिचा पट्टकृमीशी काडीचा संबंध नाही आणि ती कुणाच्या मेंदूत जात नाही. पट्टकृमीचं अंडं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. ते कोबीवर असू शकतं, तसं कोथिंबिरीवर, गाजरावर, पालकावर आणि कोशिंबीर कालवणाऱ्याच्या नखाखालीही असू शकतं. भाज्या नीट धुवा, कच्च्या खाताना जास्त धुवा, हे बरोबरच आहे. पण ते अंडं कोबीनं घातलं नाही. माणसाच्या पोटातून ते शेतात आलं, सांडपाण्यावरून आलं, उघड्यावरच्या शौचातून आलं. गुन्हेगार पसार झाला आणि आपण साक्षीदारालाच हातकड्या घालून मोकळे झालो!

आता डुकराच्या घाणीबद्दल. डुक्कर घाण खातं हे खरं. पण ती घाण कुणाची? गावाबाहेर हागणदारी ठेवायची कुणी, आणि ती साफ करणाऱ्या जनावराला ओंगळ म्हणायचं कुणी? डुकराच्या अंगात हा जंत फक्त माणसाच्या विष्ठेतून येतो, दुसरा रस्ताच नाही. डुकरानं जंत माणसाला दिला असं म्हणण्याआधी माणसानं तो डुकराला दिला हे मान्य करा. डुकरं पाळणारे आपल्याकडचे समाज बहुतेक गावकुसाबाहेरचे. त्यांना बंदिस्त गोठ्यासाठी जागा नाही, कर्ज नाही, पशुवैद्य त्यांच्या वस्तीत फिरकत नाही. जनावर मोकाट सुटतं ते याच नाइलाजापायी. मग तक्रार आली की पालिका डुकरं पकडण्याची मोहीम काढते, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि हागणदारी जिथल्या तिथं राहते. गोव्यातल्या जुन्या घरांमागे तर शौचकूप आणि डुक्कर यांची थेट जोडणी असे. नवी शौचालयं आली तशी ती जोडणी बहुतांशी तुटली. डुकराच्या मांसाचं सोरपोतेल मात्र कुणाच्या ताटातून गेलं नाही, आणि जायचं कारणही नव्हतं.

हा सगळा सात्त्विक अभिमान निरुपद्रवी असता तर मी एवढा वेळ घालवला नसता. तो निरुपद्रवी नाही. ‘मेंदूत किडा’ म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, याने बाहेर काय खाल्लं असेल? फिट येणाऱ्या मुलीचं लग्न कसं व्हायचं म्हणून आजार लपवला जातो, गोळ्या मध्येच बंद होतात. अपस्मार हे विवाह नाकारण्याचं कारण आपल्या कायद्यानं १९९९ साली काढून टाकलं, समाजानं अजून काढलेलं नाही. त्यात आहाराच्या पापाची भर घातली की रुग्ण दुहेरी गुन्हेगार ठरतो. ज्या आजाराचं मूळ सार्वजनिक घाणीत आहे, तो खासगी चारित्र्याचा प्रश्न होऊन बसतो. पालिकेला याहून सोयीचं काय असणार?

शाकाहाऱ्यांना एवढं झोडपल्यावर मांसाहारी मंडळी खुशीत आली असतील. त्यांनीही सावरून बसावं.

त्यांचं म्हणणं असं: आपली स्वयंपाकाची पद्धतच अशी आहे की जंत टिकत नाही. मटण चांगलं शिजवा, विषय संपला. तपासणी, शिक्के, पशुवैद्य हे सगळे सोपस्कार. आमचा खाटीक तीन पिढ्यांचा आहे, त्याला नजरेनं कळतं.

या म्हणण्यातलं एक मी विनातक्रार मान्य करतो. मांसाच्या गाभ्यापर्यंत ७० अंशांचा ताप पोहोचला की डुकराच्या मांसातले फोड मरतात. नीट शिजवणाऱ्याच्या पोटात पट्टकृमी होत नाही. पण शिजवण्यानं वाचतो तो फक्त शिजवून खाणारा, आणि वाचतो तो एकाच जातीच्या संकटातून. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजातल्या ज्या फोडाचा व्हिडिओ फिरतो, त्याचा तर चुलीशी संबंधच नाही. तो फोड कच्चा खाल्ला तरी माणसाला तो आजार होत नाही! हे वाचून चमकू नका. तो माणसापर्यंत पोहोचतो कुत्र्याच्या वाटेनं.

या फोडाच्या आजाराचा, म्हणजे हायडॅटिडचा जंत, एकायनोकॉकस, हा मुळात कुत्र्याचा पाहुणा. कुत्र्याच्या आतड्यात तो जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, पण हजारोंनी असू शकतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, मातीत, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर पसरतात. चरणारी मेंढी ती गिळते आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याचा फोड वाढू लागतो. कुत्र्याला कुरवाळून तसाच हात तोंडात घालणारं पोर ती गिळतं, तेव्हा तेच त्याच्या यकृतात होतं. मेंढी कापली जाते, पोर वाचतं, पण त्याच्या पोटातला फोड वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतो. पुढं कधी तो पोटाच्या सोनोग्राफीत अचानक दिसतो, कधी धक्का लागून फुटतो आणि रुग्ण जिवावरच्या दुखण्यात सापडतो. उपाय शस्त्रक्रियेचा किंवा महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्यांचा. यात कुणी मटण किती शिजवलं होतं, याला काय किंमत?

आता रविवारी सकाळी गावात बोकड पडतो तेव्हा काय होतं, ते जवळून बघा. झाडाखाली जनावर टांगलेलं असतं, खाली फरशीवर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर वाटे घालायचं काम चालू असतं. मुंडी बाजूला, पाय बाजूला, वजडी टोपल्यात. काळीज हातात घेतल्यावर खाटकाच्या बोटाला टणक गोटी लागते. तो सुरीचं टोक खुपसतो, पाणी उडतं, आत पातळ पांढरा पापुद्रा दिसतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं. खाटीक तेवढा भाग सफाईनं कापतो आणि मान न वळवता मागं फेकतो. मागं कुत्री बसलेलीच असतात. एक क्षणही वाया जात नाही. फोडातले सूक्ष्म कण कुत्र्याच्या पोटात गेले, काही आठवड्यांत त्यांचे जंत झाले, त्यांची अंडी गावात पसरायला लागली. गिऱ्हाइकाला चांगलं काळीज मिळालं, खाटकानं इमानदारी राखली, कुत्र्याचं पोट भरलं. सगळे समाधानी. आणि जंताचं चक्र ज्या एका ठिकाणी तोडता आलं असतं, तिथंच ते आपण हातानं जोडून दिलं.

खाटकाच्या नजरेचं कौतुक मलाही आहे, पण ती नजर शिकली आहे ती गिऱ्हाईक सांभाळायला. बकऱ्याच्या आतड्यावरच्या चरबीला लोंबणारा पातळ पाणीदार फोड वेगळा, तो खाणाऱ्या माणसाला अपायकारक नाही. काळजातला जाड भिंतीचा फोड वेगळा. काळजाच्या नळ्यांत सापडणारा पानासारखा चपटा कृमी आणखी वेगळा. तो पाणथळातल्या गोगलगायींमुळे जनावरात येतो आणि कलेजी खाऊन माणसाला होत नाही. कोणतं काळीज नुसतं छाटून चालेल, कोणतं सबंध बाद करायचं आणि कोणता कळप कुठून आला याची नोंद ठेवायची, हे ठरवायला शिकलेला पशुवैद्य लागतो. शिवाय बाद झालेल्या काळजाचे पैसे खाटकाला देतो कोण? नुकसान सगळं त्याचं असेल, तर तो स्वतःहून फोड दाखवायला येईल, अशी अपेक्षा ठेवणारा माणूस धंद्यात कधी बसलेला नाही.

‘पण जगात कुठं असं जमलंय?’ असा एक शहाजोग प्रश्न येतो. जमलंय, आणि तेही मटणावर जगणाऱ्या देशांत. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हायडॅटिडनं घरोघरी माणसं आजारी होती. हाराल्ड क्राब्बे हा डॅनिश पशुवैद्यक १८६३ साली तिथं गेला. त्यानं कुत्री तपासली, तर चारांतल्या एकाहून जास्त कुत्र्यांत हा जंत निघाला. लोकांना समजेल अशी पुस्तिका निघाली, घराघरांत वाटली गेली. पुढं कुत्र्यांवर कर आला, त्यांना औषध देणं सक्तीचं झालं, फोड असलेली इंद्रियं जाळण्या-पुरण्याचा कायदा झाला. विसाव्या शतकात तिथून हा आजार हद्दपार झाला. न्यूझीलंडमध्ये तर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथं १९५९ साली स्वतंत्र कायदा झाला. ठरलेल्या दिवशी कुत्री आणून बांधायची, अधिकारी औषध पाजणार, जंत तपासणार, आणि कुत्र्याला कच्ची आतडी-काळीज घालाल तर दंड. २००२ साली तो देश हायडॅटिडमुक्त असल्याचं तात्पुरतं जाहीर झालं. तिथं मेंढीचं मटण कुणी सोडलं काय? युरोपात सॉसेज खाणं थांबलं काय? डुकराचा पट्टकृमी तिथून जवळपास गेला तो बंदिस्त पालन, शौचालय आणि तपासणी यांच्यामुळे. ज्या जर्मनीत १८६५ साली हेडर्सलेबेन गावात ट्रायकिना नावाच्या दुसऱ्या एका जंतानं डुकराच्या मांसातून शंभरावर माणसं मारली, तिथल्या रुडॉल्फ फिर्खो या डॉक्टरनं मांस सोडण्याचा उपदेश केला नाही. प्रत्येक कापलेल्या डुकराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला पाहिजे, असा आग्रह त्यानं धरला.

‘आपल्याकडे कायदे आहेत की!’ हो, आहेत. २००१च्या कत्तलखाना नियमांनुसार पालिका हद्दीत परवानाप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. पशुवैद्यानं तासाला बारांहून आणि दिवसाला शहाण्णवहून जास्त जनावरं तपासू नयेत, असं त्यात लिहिलेलं आहे. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमावलीत कत्तलीआधी आणि कत्तलीनंतर अशा दोन तपासण्या सांगितल्या आहेत. छान आहे. आता एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेत सकाळी आठ वाजता जा आणि दुकानाबाहेर टांगलेल्या किती बोकडांच्या मांडीवर तपासणीचा शिक्का दिसतो ते मोजा. मुंबईच्या देवनार कत्तलखान्याचं नाव मध्ये आणू नका. १९७१ सालापासून चालू असलेलं देवनार म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. २०१९च्या पशुगणनेत देशात जवळपास १५ कोटी शेळ्या आणि साडेसात कोटींच्या आसपास मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतली किती जनावरं पशुवैद्याच्या नजरेखालून सुरीपर्यंत जातात, याचं उत्तर त्या शिक्क्यांच्या मोजणीत मिळेल.

‘शाळेत जंताची गोळी देतात ना?’ देतात. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोल मिळतं आणि ते चांगलं काम आहे. पण ती मोहीम मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या गोल जंतांसाठी आहे. कुत्र्याच्या पोटातला जंत शाळेत हजेरी लावत नाही.

शेवटचं रडगाणं पैशाचं. गरीब देशाला परवडणार कसं? कुत्र्याला वर्षातून काही वेळा प्राझिक्वांटेलची गोळी, तालुक्याच्या कत्तलीच्या जागी झाकणाचा आणि कुलूप लावलेला खोल खड्डा, आठवड्याच्या बाजारादिवशी पशुवैद्याची हजेरी, बाद काळजाची थोडी भरपाई आणि डुकरांसाठी गोठा. हे न परवडणाऱ्या सरकारला यकृताची शस्त्रक्रिया कशी परवडते? वर्षानुवर्षांच्या फिटच्या गोळ्या, बुडालेली मजुरी आणि मोडलेली लग्नं कोणत्या खात्यात धरली जातात? डुकरांना या जंतापासून वाचवणारी लस मेलबर्नच्या संशोधकांनी तयार केली आणि बाजारात आणली ती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं. औषधाच्या जोडीनं ती नेपाळमध्ये आणि आफ्रिकेतल्या देशांत वापरून पाहिली गेली. लस आपल्या दारात तयार होते आणि आपण अजून कोबीची पानं झटकत बसलो आहोत!

म्हणून पुन्हा एकदा, आणि सोवळ्यांना व खवय्यांना एकाच वेळी सांगतो. जनावरातला जंत माणसाला होतो तो प्रामुख्यानं तीन ठिकाणच्या बेफिकिरीमुळे: जनावर कापण्याच्या जागेवर, कुत्र्यांच्या पुढ्यात आणि माणसाच्या शौचाच्या जागेवर. या तिन्ही जागा सार्वजनिक आहेत. कुणी कितीही पवित्र खाल्लं किंवा कितीही रटरट शिजवलं, तरी त्या जागा आपोआप स्वच्छ होत नाहीत. ताटावरून भांडणाऱ्यांनी ही जबाबदारी आजवर अंगाबाहेर टाकली, आणि पालिका, जिल्हा परिषद व पशुसंवर्धन खातं यांनी ते भांडण मजेत बघितलं.

तुमच्या नगरसेवकाला, सरपंचाला एवढंच विचारा: आपल्या हद्दीत जनावर कापतात कुठं, कापल्यावर तपासतो कोण आणि बाद झालेलं काळीज जातं कुठं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुत्री खातात’ असं आलं, तर तुमच्या गावात शाकाहारी आणि मांसाहारी दोघंही सारखेच असुरक्षित आहेत. आइसलँडनं मटण सोडलं नाही, कुत्र्यापुढं काळीज टाकणं सोडलं. आपणही आधी तेवढं सोडू. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.